शहरात सायकलने कामावर जाणं वाढवायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दोन बाजूंनी येतात. काही जण स्वतः सायकलने कामावर जाऊ बघत असतात, तर काही जण आपल्या शहरात सायकल वाढावी म्हणून महापालिकेत, कचेरीत किंवा वस्तीत झटत असतात. दोघांचे प्रश्न मुद्दाम एकत्र ठेवले आहेत. सायकलवर बसणाऱ्याला नेमकं कुठे अडतं हे कळल्याशिवाय रस्ता आखणाऱ्याला तो नीट आखता येत नाही.

सायकल स्वस्त आहे, तब्येतीला चांगली आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी लोक सायकलने कामावर का जात नाहीत?

भीतीमुळे. घाम, अंतर, पाऊस, वेळ ही कारणंही खरी आहेत, पण ती बहुतेकदा दुसऱ्या क्रमांकाची असतात. मागून येणाऱ्या बसचा आवाज वाढत जातो, कोपरापासून हातभर अंतरावरून ती सुसाट निघून जाते आणि हवेच्या झोताने हँडल डुगडुगतं. असं एकदा झालं की घरचे म्हणतात, "नको ती सायकल." त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही.

अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या सायकल विभागात काम करणारे रॉजर गेलर यांनी २००६ मध्ये आपल्या शहरातल्या लोकांची एक ढोबळ विभागणी मांडली. कसल्याही रहदारीत बेधडक सायकल घालणारे एक टक्क्याहून कमी. सायकल मार्ग असला की आत्मविश्वासाने चालवणारे सातेक टक्के. काही झालं तरी सायकलवर न बसणारे तेहेतीस टक्के. उरलेले साठेक टक्के मात्र "आवडेल, पण भीती वाटते" असं म्हणणारे. हा अनुभवावरून बांधलेला अंदाज होता. पुढे सर्वेक्षणं झाली, तेव्हाही चित्र साधारण असंच दिसलं. शहरातल्या सायकलीचा सगळा हिशोब या साठ टक्क्यांपाशी येऊन थांबतो. त्यांना सायकलचे फायदे समजावून सांगावे लागत नाहीत. त्यांना निर्धास्त रस्ता हवा असतो.

मग सायकल रॅली, जनजागृती, सायकल दिन यांचा काहीच उपयोग नाही का?

थोडा आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये ३ जून हा जागतिक सायकल दिन ठरवला, त्या निमित्ताने विषय चर्चेत येतो हे चांगलंच. पण पोलीस बंदोबस्तात सकाळी दोन तास सायकल चालवलेला माणूस दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने कामावर जाईल, अशी अपेक्षा ठेवू नये.

एक उपक्रम मात्र मनापासून घ्यावा असा आहे. कोलंबियाच्या बोगोटा शहरात १९७४ पासून 'सिक्लोव्हिया' चालते. दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी शंभराहून अधिक किलोमीटर मोठे रस्ते सकाळपासून दुपारपर्यंत मोटारींना बंद असतात. तिथे भाषणाऐवजी लोकांना खराखुरा रस्ता मिळतो आणि तोही दर आठवड्याला. मुलं सायकल शिकतात ती मुख्य रस्त्यावर. आपल्या शहरातली अंतरं मोटारीतून वाटतात तेवढी लांब नाहीत, हे मोठ्यांनाही पायांनी कळतं. वर्षातून एकदा होणारी रॅली आणि हा उपक्रम यांची गल्लत करू नका.

नेदरलँड्स, डेन्मार्क इथले लोक पूर्वीपासूनच सायकलवाले. आपल्याकडे ते कसं जमणार?

हा समज इतका पक्का रुजला आहे की यावर सविस्तर लिहायला हवं.

दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समध्येही मोटारी झपाट्याने वाढल्या, रस्ते त्यांच्यासाठी रुंद केले गेले, सायकली घटत गेल्या. १९७१ साली त्या छोट्या देशात रस्त्यावर ३३०० च्या आसपास माणसं मेली. त्यांत चारशेहून अधिक लहान मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले आणि 'मुलांचे खून थांबवा' या नावानेच चळवळ उभी राहिली. १९७३ च्या तेलटंचाईत सरकारला रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या. रिकाम्या महामार्गांवर लोक सायकली घेऊन फिरले आणि आपलं शहर असंही असू शकतं हे त्यांनी पाहिलं. त्यानंतर निर्णय झाले, पैसा आला, रस्ते बदलले. आज लोकसंख्या वाढूनही तिथले वर्षाचे रस्ते अपघाती मृत्यू ७०० च्या आसपास आहेत.

यातलं ग्रोनिंगन शहराचं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. १९७७ मध्ये तिथल्या महापालिकेने शहराच्या मध्यभागाचे चार भाग पाडले. मोटारीला एका भागातून शेजारच्या भागात थेट जाता येणार नाही. आधी बाहेरच्या वळणरस्त्यावर जायचं आणि मग दुसऱ्या बाजूने आत यायचं. सायकल आणि पायी चालणाऱ्याला मात्र सगळीकडून सरळ वाट. मोटारीवर बंदी नव्हती, प्रत्येक दारापर्यंत ती जातच होती. फक्त शहराच्या मधून आरपार जाणं बंद झालं आणि जवळच्या अंतरासाठी सायकल हाच लवकर पोचण्याचा मार्ग ठरला. व्यापाऱ्यांनी त्या वेळी कडाडून विरोध केला होता. आज त्या शहरातल्या निम्म्याहून अधिक फेऱ्या सायकलवर होतात. बेल्जियममधल्या गेंट शहराने २०१७ मध्ये हीच कल्पना उचलली.

आणि "ते थंड हवेचे देश" म्हणणाऱ्यांसाठी स्पेनमधलं सेव्हिल. उन्हाळ्यात तिथे पारा चाळिशी ओलांडतो. सायकल चालवण्याची सवय जवळजवळ नव्हतीच, शहरातल्या फेऱ्यांत सायकलचा वाटा एक टक्काही नव्हता. २००६ पासून काही वर्षांत त्यांनी रहदारीपासून वेगळे केलेले, एकमेकांना जोडलेले सुमारे ८० किलोमीटर मार्ग बांधले. त्यासाठीची बरीच जागा गाड्या उभ्या करायच्या पट्ट्यातून काढली. वाटा सहा टक्क्यांच्या पुढे गेला. लोक तेच होते, ऊनही तेच होतं. बदलला तो रस्ता.

रस्त्याच्या कडेला पांढरा पट्टा मारून सायकलचं चित्र काढलं तर पुरतं ना?

नाही. त्या पट्ट्यावर तासाभरात कुणीतरी गाडी उभी करतं. मग सायकलवाल्याला भर रहदारीत बाहेर यावं लागतं, म्हणजे पट्टा नसता तर जेवढा धोका होता त्याहून जास्त. वेगवान रस्त्यावर सायकल मार्ग वेगळाच हवा, मध्ये कठडा, उंचवटा, झाडांचा पट्टा किंवा निदान भक्कम खांब.

पैसे कमी असतील तर न्यूयॉर्कची युक्ती पाहा. तिथल्या वाहतूक विभागाच्या आयुक्त जॅनेट सादिक-खान यांच्या काळात, २००७ मध्ये, नाइन्थ ॲव्हेन्यूवर उभ्या गाड्यांची रांग फुटपाथपासून काढून रस्त्याच्या आत सरकवली आणि फुटपाथ व गाड्या यांच्यामध्ये सायकल मार्ग केला. उभ्या गाड्याच मग सायकलवाल्याचा कठडा झाल्या. रंग, थोडे खांब आणि आखणीची हिंमत, एवढ्यावर काम झालं. फक्त उभ्या गाडीचं दार उघडेल एवढी मोकळी पट्टी मध्ये सोडावी लागते. ती विसरली तर सगळं मुसळ केरात.

रुंदी एका दिशेच्या मार्गाला निदान दोन मीटर धरा. एकाने दुसऱ्याला मागे टाकता आलं पाहिजे आणि पुढे सामानाची पेटी असलेली मालवाहू सायकलही मावली पाहिजे.

मार्ग चांगला आहे, पण चौकात येऊन संपतो. चौकात काय करायचं?

सायकल मार्गाची खरी परीक्षा चौकातच होते आणि बहुतेक शहरं नेमकी तिथेच हात वर करतात. सरळ पट्ट्यात छान कठडा असतो आणि चौक आला की सायकलवाल्याला सांगितलं जातं, आता तुमचं तुम्ही बघा.

धोका कसा होतो ते जवळून पाहू. सिग्नल सुटतो. कडेने सायकलवाली सरळ जायला निघते. तिच्या शेजारचा ट्रक त्याच कडेला वळतो. ट्रकचा चालक उंचावर बसलेला, त्याच्या दाराच्या खालचा भाग आरशात दिसत नाही. ट्रकची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून वळतात, त्यामुळे वळण संपता संपता ट्रक कडेला दाबत येतो. सायकलवालीला वाटतं तो थांबेल, चालकाला ती आहे हेच माहीत नसतं. इथे कुणाला बेपर्वा म्हणून मोकळं होता येत नाही, कारण आखणीनेच दोघांना एका जागी आणून सोडलेलं असतं.

यावरचे उपाय जुने आहेत आणि वापरून सिद्ध झालेले आहेत. सायकलींची थांबण्याची रेघ मोटारींच्या बरीच पुढे आखा, म्हणजे त्या नजरेसमोर राहतील. सायकलींना काही सेकंद आधी हिरवा द्या. जिथे वळणारी वाहनं खूप आहेत तिथे त्यांचा आणि सायकलींचा हिरवा वेगवेगळा ठेवा. कोपऱ्याचं वळण काटकोनाकडे आणा. ऐसपैस गोलाई दिली की गाड्या वेग न उतरवता वळतात. डच पद्धतीच्या चौकात कोपऱ्यावर एक छोटं बेट असतं. त्यामुळे सायकली जिथे रस्ता ओलांडतात तिथे वळलेली मोटार पोचेपर्यंत ती जवळजवळ काटकोनात आलेली असते आणि चालकाला सायकल काचेतून समोर दिसते. लंडनने आणखी एक पाऊल टाकलं. चालकाला केबिनमधून थेट किती दिसतं यावर अवजड मालगाड्यांना श्रेणी दिली आणि २०२१ पासून त्या नियमाची अंमलबजावणी सुरू केली.

कोपनहेगनमधल्या नॉरेब्रोगेड या रस्त्यावर सिग्नल ताशी २० किलोमीटरला जुळवलेले आहेत. त्या वेगाने सायकल चालवत राहिलं तर गर्दीच्या वेळी एकामागून एक हिरवे दिवे मिळत जातात. सायकलवाल्याचा वेळही मोलाचा आहे, हे शहराने असं करून दाखवलं.

प्रत्येक गल्लीत वेगळा सायकल मार्ग बांधायचा?

गरज नाही. गल्लीबोळांत वेग आणि आरपार जाणारी रहदारी कमी केली की सायकल आणि मोटार एका रस्त्यावर नांदतात. ताशी ५० किलोमीटरने येणाऱ्या गाडीच्या धडकेत ३० च्या गाडीपेक्षा पावणेतीन पट जास्त ऊर्जा असते, शिवाय थांबायला लागणारं अंतरही बरंच वाढतं. पॅरिसने ऑगस्ट २०२१ पासून शहरातल्या बहुतेक रस्त्यांवर ३० ची मर्यादा आणली. नुसत्या पाटीने वेग उतरत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. रस्ता अरुंद दिसायला हवा, उंचवटे हवेत, आणि गल्लीच्या मध्ये दोन खांब रोवून ती मोटारींना आरपार बंद करता आली तर उत्तमच. मग त्या गल्लीत फक्त तिथे काम असलेलीच गाडी येते.

रस्ते आधीच अरुंद आहेत. जागा आणायची कुठून?

उभ्या गाड्यांकडून. एका मोटारीच्या जागेत आठ ते दहा सायकली उभ्या राहतात आणि ती मोटार दिवसाचा बहुतांश वेळ नुसती उभी असते. रस्ता ही सगळ्यांची जागा आहे. तिच्यावर कुणाची खाजगी वस्तू दिवसभर ठेवायची की माणसांना जायला वाट द्यायची, एवढाच हा प्रश्न आहे. पॅरिसमधली रिव्होली ही शहराच्या मध्यातली मोठी सडक २०२० मध्ये खाजगी मोटारींना बहुतांशी बंद झाली आणि तिचा मोठा भाग सायकलींना मिळाला.

दुकानदार विरोध करतात. "गिऱ्हाईक गाडीतून येतं" म्हणतात.

त्यांची काळजी समजून घ्या, कारण पोटाचा प्रश्न आहे. पण गिऱ्हाईक खरोखर कसं येतं हे दुकानासमोर उभं राहून मोजा आणि ते आकडे त्यांच्यापुढे ठेवा. अनेक शहरांतल्या पाहण्यांत असं आढळलं आहे की मोटारीने येणारी गिऱ्हाइकं दुकानदारांना असतात त्याहून जास्त वाटतात. टोरोंटोच्या ब्लूर स्ट्रीटवर २०१६ मध्ये गाड्यांची जागा कमी करून सायकल मार्ग प्रयोग म्हणून केला. आधी आणि नंतर पाहणी झाली, तेव्हा गिऱ्हाइकांच्या फेऱ्या आणि महिन्याचा खर्च दोन्ही वाढलेले दिसले. मार्ग कायम झाला.

मालाची चढउतार ही मात्र खरी अडचण असते. तिच्यासाठी जागा आणि वेळ ठरवून दिलीच पाहिजे. ती न सोडवता मार्ग केला तर टेम्पो मार्गावरच उभा राहणार आणि दोष सगळ्यांच्या पदरी पडणार.

बांधलेले सायकल मार्ग रिकामेच दिसतात. पैसा वाया नाही का गेला?

तो मार्ग कुठून निघतो आणि कुठे पोचतो ते आधी पाहा. घरापासून कामापर्यंतच्या वाटेत एक जरी भयंकर टप्पा असेल तर माणूस सायकल काढत नाही. अर्धा किलोमीटरचे सुटे तुकडे कितीही सुंदर असले तरी ओस पडतात. उलटही होतं: मार्ग चांगला चालत असतो पण सायकली सिग्नलला लवकर निघून जातात, त्यांची रांग लागत नाही, म्हणून मोटारीतून पाहणाऱ्याला तो रिकामा वाटतो. नजरेवर विसंबू नका, मोजा.

हेल्मेटची सक्ती केली तर?

हेल्मेट जरूर घाला. पडल्यावर डोक्याची इजा त्याने कमी होते आणि स्वतःहून घालणाऱ्याला कुणी अडवू नये. सक्ती ही वेगळी गोष्ट. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९९० मध्ये जगात पहिल्यांदा सगळ्या वयाच्या सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. या सक्तीचा सायकल वापरावर काय परिणाम झाला यावर अजून वाद चालू आहे. मेक्सिको सिटीने आपली सक्ती २०१० मध्ये उठवली, भाड्याच्या सायकलींची योजना त्याच सुमारास सुरू झाली होती. अमेरिकेतलं सिएटल शहर ज्या किंग काउंटीत आहे तिथे २०२२ मध्ये सक्ती रद्द झाली, कारण दंडाची झळ बेघर आणि कृष्णवर्णीय लोकांना जास्त बसत होती.

माझं मत स्पष्ट आहे: ज्या नेदरलँड्समध्ये रोजची सायकल चालवणारे बहुतेक लोक हेल्मेट घालत नाहीत, तिथे दर किलोमीटरमागचा धोका जगातल्या सर्वांत कमी धोक्यांपैकी आहे. आधी ट्रकपासून वाचवणारा रस्ता द्या.

एवढ्या धुरात सायकल चालवून फुप्फुसं खराब नाही का होणार?

काळजी रास्त आहे, कारण सायकल चालवताना आपण खोल श्वास घेतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने हाच हिशोब मांडला: व्यायामाचा फायदा एका पारड्यात, धुराचा तोटा दुसऱ्यात. जगातल्या शहरांच्या सरासरी प्रदूषणात फायद्याचं पारडं खूपच जड राहतं. अतिसूक्ष्म धूलिकण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, ते घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅमवर गेले तर रोज दीड तासाच्या पुढे सायकल चालवल्यावर तोटा फायद्याला ओलांडू लागतो. म्हणजे अर्ध्या तासाच्या कामावरच्या फेरीला तिथेही जागा आहे. मुख्य रस्त्याला समांतर अशी आतली गल्ली धरली तरी श्वासात जाणारा धूर बराच कमी होतो. दमा किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

तब्येतीला नेमका किती फायदा?

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. जाताना वीस मिनिटं, येताना वीस मिनिटं, आठवड्याचे पाच दिवस धरले तर २०० मिनिटं होतात, वेगळा वेळ न काढता. ब्रिटनमध्ये अडीच लाखांहून अधिक लोकांवर झालेला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की कामावर सायकलने जाणाऱ्यांत कुठल्याही कारणाने मरण्याचा धोका ४१ टक्के कमी दिसला. असे अभ्यास कारण शंभर टक्के सिद्ध करत नाहीत, कारण मुळात सुदृढ माणसंच सायकल निवडत असतील. संशोधकांनी वय, धूम्रपान, आहार अशा गोष्टींचा हिशोब वजा करूनही फरक उरला, हे महत्त्वाचं.

किती अंतर सायकलने झेपतं? आणि घामाचं काय?

रमतगमत ताशी १५ किलोमीटरने पाच किलोमीटरला वीस मिनिटं लागतात. गर्दीच्या शहरात एवढ्या अंतराला मोटारीलाही साधारण तेवढाच वेळ लागतो आणि वर जागा शोधायचा वेळ वेगळा. सात-आठ किलोमीटरपर्यंत बहुतेकांना सवयीने जमतं.

घामाचं सांगायचं तर, तो जोरात चालवल्यामुळे येतो. शर्यत लावल्यासारखं जाऊ नका, शेवटची पाच मिनिटं आणखी हळू चालवा, पोचल्यावर लगेच आत न जाता जरा सावलीत थांबा. पाठीवरची पिशवी कॅरिअरवर टाका, अर्धा घाम पाठीचाच असतो. चढ किंवा ऊन जास्त असेल तर विजेवर चालणारी सायकल घ्या. युरोपात तिच्या मोटारीला २५० वॉटची आणि मदतीला ताशी २५ किलोमीटरची मर्यादा आहे. पायडल मारावंच लागतं, पण दम लागत नाही. वयस्कर माणसं, गुडघ्याचं दुखणं असलेले, मुलाला मागे बसवून नेणारे आईबाप यांना तिने रस्ता मोकळा करून दिला आहे. हिला 'खरी सायकल नव्हे' म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

पावसात?

मडगार्ड, रेनकोट, एक कोरडा कपड्यांचा जोड. मुसळधार असेल त्या दिवशी बसने जा. रोज सायकलनेच जायचं असं व्रत घ्यायची गरज नाही.

कोणती सायकल घ्यावी?

रोजच्या कामाला साधी, सरळ बसता येईल अशी. पुढे-मागे मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर, स्टँड, घंटी, पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा. डोंगरात चालवायच्या जाड टायरच्या सायकलीने शहरात उगीच ताकद जाते.

सीटची उंची हा सर्वांत दुर्लक्षित भाग. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा आणि पायडल खाली न्या; पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्याने पायडल मारलं की गुडघ्यात हलका बाक राहतो. सीट खूप खाली असली की गुडघे दुखतात आणि लोक म्हणतात सायकल झेपत नाही. हवा दर आठवड्या-दोन आठवड्यांनी तपासा. किती भरायची ते टायरच्या बाजूवर उठावाच्या अक्षरांत लिहिलेलं असतं. जी सायकल जड चालते तिच्यात निम्म्या वेळा फक्त हवा कमी असते, नाहीतर चेनला तेल नसतं.

चोरी झाली तर?

कुलूप असं लावा की फ्रेम आणि मागचं चाक दोन्ही एका पक्क्या स्टँडला अडकतील. नुसतं चाक बांधलं तर चाक उरतं आणि सायकल जाते. फ्रेमवरचा क्रमांक लिहून फोटो काढून ठेवा. शहराने आणि कचेरीने उलट्या यू आकाराचे, जमिनीत रोवलेले स्टँड लावावेत. फक्त पुढचं चाक खोचायच्या खाचा असलेले स्टँड लावू नयेत. त्यात रिम वाकते आणि फ्रेम बांधता येत नाही.

मार्ग नसलेल्या रस्त्यावर स्वतःला कसं सांभाळायचं?

उभ्या गाड्यांपासून निदान एक मीटर दूर राहा, दार कधी उघडेल सांगता येत नाही. कडेच्या गटाराला चिकटून चालवू नका, थोडं आत राहिलात तर मागच्याला तुम्ही दिसता आणि खड्डा चुकवायला जागा राहते. वळायच्या आधी मागे बघा, हात दाखवा. उभ्या ट्रकच्या किंवा बसच्या फुटपाथकडच्या बाजूने पुढे घुसू नका, मग घाई कितीही असो.

आमची कंपनी काय करू शकते?

सायकल ठेवायला छपराची, कुलपाची, दाराजवळची जागा. तळघराच्या कोपऱ्यात नको. अंघोळीची आणि कपडे बदलायची सोय, ओला रेनकोट वाळत घालायला खुंटी, पंप. हे झालं की पैशाचा विचार करा. बेल्जियममध्ये सायकलने येणाऱ्यांना किलोमीटरमागे भत्ता मिळतो. ब्रिटनमध्ये १९९९ पासून करात सवलत मिळून कंपनीमार्फत सायकल घेता येते. कॅलिफोर्नियाने १९९२ मध्ये कायदा केला की ठरावीक कंपन्या कर्मचाऱ्यांना फुकट पार्किंग देत असतील, तर ते न वापरणाऱ्याला तेवढे पैसे द्यायचे. मला हा शेवटचा उपाय सर्वांत न्याय्य वाटतो. मोटारीने येणाऱ्याला कंपनी कायम अनुदान देतच असते, फक्त त्याला कुणी अनुदान म्हणत नाही.

भाड्याच्या सायकलींच्या योजना इतक्या ठिकाणी का फसतात?

सायकली आधी येतात, रस्ते आणि देखभाल नंतर, किंवा येतच नाहीत. १९६५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या तरुणांनी पांढऱ्या रंगवलेल्या सायकली सगळ्यांना फुकट म्हणून रस्त्यावर ठेवल्या, तर कुलूप नाही म्हणून पोलिसांनीच त्या उचलल्या. पॅरिसची योजना २००७ मध्ये सायकली घेण्या-ठेवण्याच्या दाट ठाण्यांसह आली आणि टिकली. २०१७ च्या आसपास चिनी शहरांत ठाण्याशिवायच्या सायकली लाखोंनी ओतल्या गेल्या. मग मोडक्या सायकलींचे मैदानभर ढीग जगाने फोटोंत पाहिले. ठाणी चालत चार-पाच मिनिटांवर असावीत, बिघडलेली सायकल त्याच दिवशी उचलली जावी आणि योजना बस-रेल्वेच्या तिकिटाशी जोडलेली असावी.

रेल्वेचं निघालंच आहे तर: नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट स्थानकाखालचं सायकल पार्किंग २०१९ मध्ये पूर्ण झालं, त्यात १२,५०० सायकली राहतात. लांबच्या प्रवासाला रेल्वे आणि दोन्ही टोकांना सायकल, ही जोडी मोटारीला खरा पर्याय देते.

जे आधीपासूनच सायकल चालवतात, त्यांचं काय?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, खरं तर पहिला हाच असायला हवा. अनेक शहरांत पहाटे आणि रात्री सायकलवर जाणारी माणसं असतात: बांधकामावरचे मजूर, पहारेकरी, सफाई कामगार, घरोघरी वस्तू पोचवणारे. त्यांनी सायकल पर्यावरणासाठी निवडलेली नसते, त्यांना दुसरं परवडत नाही. सायकल योजना मात्र बागांच्या आणि तलावांच्या भोवती आखल्या जातात. यांचे रस्ते मोजा, पहाटे पाच-सहा वाजल्यापासून मोजा. अंधारात दिवे लागतात का, पूल ओलांडायला सुरक्षित वाट आहे का, ते बघा. पैसा आधी तिथे जावा असं मला ठामपणे वाटतं.

दुसरी मोजणी बायकांची. नेदरलँड्समध्ये बायका पुरुषांइतकीच, किंबहुना थोडी जास्त सायकल चालवतात. धोकादायक रस्त्यांच्या शहरांत सायकलवर बहुतेक पुरुषच दिसतात. एखाद्या मार्गावर बायकांचं प्रमाण वाढतंय की नाही, यावरून तो किती निर्धास्त आहे ते लवकर कळतं.

आम्ही चारपाच जणच आहोत. महापालिकेकडे काय मागायचं?

'सायकलस्नेही शहर' असं मोघम मागू नका. एक मार्ग निवडा, जिथून खूप लोक कामाला जातात असा, आणि तो या टोकापासून त्या टोकापर्यंत चौकांसह अखंड मागा. निवेदनात प्रत्येक चौकाचं नाव, रस्त्याची रुंदी आणि उभ्या गाड्यांनी अडवलेली जागा लिहा. टेप घेऊन मोजता येते. कामाच्या दिवशी, गर्दीच्या वेळी सायकली मोजा: किती, त्यांत बायका किती, मुलं किती. प्रयोग म्हणून सहा महिन्यांसाठी रंग आणि खांबांवर मार्ग मागितला तर अधिकाऱ्यांना होकार देणं सोपं जातं, चुकलं तर सरकवता येतं.

देखभालीचा पैसा त्याच अंदाजपत्रकात लिहून घ्या. झाडलोट, खड्डे, दिवे, मोडलेले खांब हे सगळं कुणाकडे, तक्रार कुठे करायची, किती दिवसांत दुरुस्ती, हे कागदावर हवं. कोपनहेगनमध्ये बर्फ पडला की मुख्य सायकल मार्ग आधी साफ होतात. तुमच्याकडे बर्फाऐवजी चिखल, पालापाचोळा किंवा वाळू असेल. ती पहिल्या दिवशी कोण उचलणार, हे मार्ग सुरू होण्याआधी विचारून ठेवा.